थंड पाण्यातले सर्फिंग: वसंतात जावे की शरदात?

थंड प्रदेशात सर्फिंगसाठी वर्षातून एकदाच जाणे शक्य असेल, तर निवड बहुधा एप्रिल आणि ऑक्टोबर यांच्यात येऊन ठेपते, कारण भर हिवाळ्यात दिवस तोकडे व वादळे अनावर असतात आणि उन्हाळ्यात उत्तर अटलांटिक अनेकदा निपचित पडलेला असतो. माझा कौल वसंताला आहे. तरीही शरदाचे पारडे कुठे जड आहे, ते आधी सांगायला हवे.

समुद्र जमिनीच्या मानाने सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो, म्हणून किनाऱ्यावर हिरवळ फुटली तरी पाण्यात हिवाळाच असतो. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील थर्सो येथे एप्रिलमध्ये पाणी साधारण ७ ते ८ अंश सेल्सिअस असते, तर ऑक्टोबरमध्ये १२ अंशांच्या आसपास. एवढ्या फरकाने सगळी तयारी बदलते: एप्रिलमध्ये जाड वेटसूटबरोबर (अंगाला घट्ट बसणारा, ऊब राखणारा रबरी पोशाख) हूड म्हणजे डोके झाकणारी टोपी, हातमोजे आणि निओप्रीन या कृत्रिम रबराचे बूट हवेतच. शिवाय अटलांटिकमधील चक्रीवादळांचे अवशेष उत्तरेकडे सरकत असल्याने शरदात दमदार लाटा मिळण्याची शक्यताही अधिक असते. मोठ्या लाटांवर हात बसलेल्या सर्फरने ऑक्टोबरच निवडावा.

वसंताची खरी मिळकत म्हणजे उजेड. २० एप्रिलच्या सुमारास थर्सोचा दिवस जवळपास पावणेपंधरा तासांचा असतो, २० ऑक्टोबरला तो दहा तासांवर आलेला असतो. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवरील उन्स्टाडला तर हेच आकडे सुमारे साडेसोळा आणि पावणेनऊ होतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. म्हणजे एप्रिलमध्ये ते संपूर्ण चक्र उजेडात पार पडते, ऑक्टोबरमध्ये त्याचा काही भाग अंधारात जातो. ज्या खडकावर पाणी ठरावीक उंचीला आल्यावरच लाट नीट फुटते, तिथे हा फरक निर्णायक ठरतो, कारण वारा पडेपर्यंत थांबण्याची सवड वसंतात मिळते आणि थांबूनही दिवस हातचा जात नाही.

थर्सो ईस्टची लाट नदीच्या मुखाशी, पडक्या किल्ल्यासमोर, शेवाळलेल्या सपाट खडकांवर उजवीकडे उलगडत जाते आणि नदीतून आलेल्या पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या) मातीमुळे तिथले पाणी चहासारखे तपकिरी दिसते. एप्रिलमध्ये वादळे ओसरू लागतात, त्यामुळे तिथे मध्यम उंचीच्या, सुबक लाटा येण्याचे दिवस वाढतात. पाण्याबाहेर आल्यावर ऊनही लागते: दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंश वर असतो, ऑक्टोबरमध्ये जेमतेम २१. दोन फेऱ्यांच्या मधे शरीर पुन्हा ऊब धरण्यासाठी हे ऊन फार मोलाचे असते.

थंडीचा धोका मात्र उजेडाने कमी होत नाही. इतक्या थंड पाण्यात शिरताच श्वास आवरेनासा होतो. हा धक्का दोन-तीन मिनिटांत ओसरतो, तोवर खोल पाण्यात जाऊ नये. पुढे अंगात ऊब असतानाच बोटांची ताकद जाऊ लागते. बोटे एकमेकांना जुळवता येईनाशी झाली, की लाटा कितीही चांगल्या असल्या तरी किनारा गाठावा. बाहेर आल्यावरही शरीर काही काळ निवतच राहते, म्हणून कोरडे कपडे आधीच हाताशी ठेवावेत.

जागेनुसार हे गणित बदलते. कॅनडाच्या पूर्वेकडील नोव्हा स्कॉशियात एप्रिलचे पाणी गोठणबिंदूच्या फारसे वर नसते, तेव्हा नवख्याने वसंतात तिकडे जाऊ नये. उलट त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील टोफिनो येथे वर्षभरात पाण्याचे तापमान फार बदलत नाही, त्यामुळे लांब दिवसासाठी सोसावी लागणारी थंडी तिथे तुलनेने थोडी असते. त्यातच किनारे वाळूचे असल्याने पहिला वसंत तिथे आणि खडकावरची लाट नंतर, हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो.