नव्या पेडल स्टीलच्या नावाखाली मला जुनी गिटार विकली

पेडल स्टील गिटार, म्हणजे पायाने पेडल दाबून तारांचा सूर बदलायची आडवी गिटार, बनवून घ्यायच्या विचारात असाल तर विसार देण्याआधी हे वाचा. मी दीड वर्ष वाट पाहिली, पै न पै चुकती केली आणि नवी म्हणून हातात पडली ती कुणाची तरी जुनी, शिकाऊ लोकांसाठीची गिटार. वरून फक्त पॉलिश नवं.

या वाद्यात असं फसवणं सोपं आहे, कारण वरून दिसतात त्या १० तारा आणि फ्रेटच्या रेघा. खरं यंत्र सगळं पोटाखाली. पेडल दाबलं की आडवा दांडा फिरतो, दांड्यावरचा बेलक्रँक (छोटी तरफ) लांब सळई ओढतो, ती सळई चेंजरमधलं, म्हणजे तारांच्या टोकाशी सूर बदलणाऱ्या यंत्रातलं, त्या तारेचं बोट हलवते आणि तार ताणली जाते. बनवणारे थोडे, त्यातले बरेच जण एकट्यानेच काम करतात, त्यामुळे वर्षभर थांबावं लागलं तरी कुणाला शंका येत नाही. मलाही आली नाही.

आणि ऑर्डर देऊनच बनवून घ्यायची वेळ येते, कारण प्रत्येक वादकाची मांडणी वेगळी. १९५४ साली गाजलेल्या एका रेकॉर्डमध्ये पेडल स्टील वादक बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर वळवला, पुढे दुसरे वादक बडी एमन्स यांनी तोच बदल दोन पेडलांत विभागला, आणि तेव्हापासून वादक आपापली भर घालत आलेत. कुठलं पेडल कुठली तार किती चढवतं याच्या तक्त्याला कोपेडंट म्हणतात. माझा तक्ता ई-नाइन ट्यूनिंगचा (तारा जुळवायची एक पद्धत), ए, बी, सी अशी ३ पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे ५ नी-लिव्हर. त्यातली चौथी तार नीट लक्षात घ्या, कारण चोरी तिनेच पकडून दिली. ती मुळात ई. सी पेडलने ती एफ शार्प व्हायला हवी, एका लिव्हरने एफ, दुसऱ्या लिव्हरने ई फ्लॅट. म्हणजे एकाच तारेला दोन वेगवेगळे चढ आणि एक उतार. हे मी बनवणाऱ्याला फोनवर दोनदा समजावून सांगितलं. "होईल," म्हणाला.

निम्मी रक्कम विसार म्हणून दिली. पाच महिन्यांनी चेंजरचे भाग आणायचेत म्हणून आणखी मागितले, तेही दिले. फोटो येत राहिले, सगळे वरून काढलेले: मेपलची सुंदर पाटी, बाराव्या फ्रेटशेजारी लाकडाचा तपकिरी डोळा. खालचा फोटो मागितला की उत्तर ठरलेलं, "अजून जोडलेलं नाही." मी तिथेच थांबायला हवं होतं. शेवटचा हप्तासुद्धा मी गिटार पाहण्याआधी भरला.

गिटार आली. चारही पाय लावले, तारा जुळवल्या. ए पेडल ठीक, बी पेडल ठीक. सी दाबलं, चौथी तार एफ शार्पवर गेली. मग डाव्या गुडघ्याने लिव्हर ढकलली. एफ यायला हवा होता, आला पुन्हा एफ शार्प! सळईच्या टोकाची सूर जुळवायची नायलॉनची घुंडी फिरवून लिव्हर एफवर आणली, तर सी पेडलसुद्धा एफवरच अडकलं. दोन-तीनदा तेच केलं. पोटात गोळा आला.

जमिनीवर चादर अंथरून गिटार उलटी केली. चेंजरच्या प्रत्येक बोटाला एक चढ आणि एक उतार, बस. पेडल आणि लिव्हर दोन्ही एकाच सळईला बांधून दिले होते. लिव्हरच्या ब्रॅकेटशेजारी एका ओळीत चार जुनी भोकं, वेगळ्या रंगाच्या लाकडी खुंट्या ठोकून बुजवलेली. बोटांच्या माथ्यावर तारांनी पाडलेल्या खाचा नखाला लागत होत्या. शेवटी सूर मोजणारा ट्यूनर लावून आठवी तार छेडली आणि ए-बी एकत्र दाबले. त्या तारेला हे पेडल हात लावत नाहीत, तरी ती १८ सेंट उतरली (अर्ध्या सुराचे १०० सेंट). थोडी घसरण चांगल्या गिटारीतही होते, पण चार-पाच सेंट.

फोन केला तर म्हणाला, "तुमच्या पायाला सवय नाही." नंतर उचलणंच बंद. तक्रार करायला बसलो तेव्हा कळलं की माझ्याकडे लेखी काहीच नाही. मेसेजमध्ये "१० तारांची पेडल स्टील" एवढंच, "नवीन" हा शब्दसुद्धा कुठे नाही.

म्हणून कळकळीने सांगतो: कोपेडंट पावतीला जोडून त्यावर सही घ्या. चेंजरला चढ किती, उतार किती, सगळे भाग नवीन का, हे त्यात लिहून घ्या. प्रत्येक हप्त्याआधी पोटाखालचा फोटो मागा, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवून. शेवटचे पैसे व्हिडिओ पाहिल्यावरच: ट्यूनर लावून एकेक पेडल, एकेक लिव्हर, आणि सोडल्यावर तार जागेवर परत येते का, तेही. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही, त्याचं खरं कसब तिथेच असतं.

गेल्या महिन्यात याच माणसाकडे ऑर्डर दिलेल्या एकाने मला फोटो पाठवला, "माझी गिटार इथवर आलीय" म्हणून. बाराव्या फ्रेटशेजारी तोच तपकिरी डोळा. गिटार माझ्या घरात आहे. त्याने दुसरा हप्ता आदल्याच दिवशी भरला होता.