केआरए की ओकेआर? पंधरा माणसांच्या शॉपमधून

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये दोन्ही चालवून झालंय. आधी वार्षिक केआरए (की रिझल्ट एरिया), म्हणजे प्रत्येकाला कामाची मुख्य क्षेत्रं ठरवून देणं. मग तिमाही ओकेआर (ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स), म्हणजे एक उद्दिष्ट आणि त्याखाली ते गाठलं का हे सांगणारे मोजके निकाल. घराणं तसं एकच. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकरनी १९५४ मध्ये उद्दिष्टांवरून कारभार हाकायची कल्पना मांडली, अँडी ग्रोव्हनी इंटेलमध्ये तिला मोजता येणारे निकाल जोडले, गुंतवणूकदार जॉन डोअरनी १९९९ मध्ये ती गूगलला नेली. ऑडिटचीही काळजी नको. आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या ६.२ कलमाला मोजता येणारी गुणवत्ता उद्दिष्टं हवीत, ती दोन्हींतून निघतात.

केआरए निवांत. एप्रिलमध्ये लिहायचं, मार्चमध्ये उघडायचं. स्टोअर, अकाउंट्स अशा बारमाही सारख्या कामाला ते बरंच पडतं, असं माझं मत.

आमचं गाडं अडलं केआरएच्या एका ओळीवर: ‘रिजेक्शन (तपासणीत बाद होणारा माल) ३ टक्क्यांच्या आत’. इन्क्रिमेंट तिच्यावरच. वर्षभर आकडा अडीचच्या वर गेला नाही. एकदा हवेची गळती शोधत कॉम्प्रेसर रूमच्या मागे गेलो, तर ताडपत्रीखाली तीन क्रेट व्हॉल्व्ह बॉडी. सगळ्यांचे बोअर (आतली भोकं) ओव्हरसाइज, म्हणजे बाद माल. वर खडूने तारखा, सर्वांत जुनी चार महिन्यांपूर्वीची. आमच्या सुपरवायझर मामांना विचारलं. ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "सर, पगाराला धरणार असाल तर एक आकडा, नुसतं बघणार असाल तर दुसरा. कुठला सांगू वो?"

ओकेआर घेताना म्हणूनच आकडा पगारापासून तोडला. पहिल्याच महिन्यात रिजेक्शन ६.४ टक्के निघालं. मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण कुठल्या मशीनवर किती जातंय हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. गूगलमध्ये १ पैकी ०.७ गुण म्हणजे चांगली कामगिरी धरतात. हे आमच्या लोकांच्या गळी उतरायला दोन तिमाही गेल्या.

लिहिताना आम्हीही चुकलोच. ‘रोज मीटिंग घेणे’ हा की रिझल्ट म्हणून टाकला होता. ते काम झालं, निकाल नव्हे. नंतर उद्दिष्ट लिहिलं, ‘ग्राहकाने आमचा माल न तपासता लाइनवर घ्यावा’, आणि त्याखाली ‘रिजेक्शन ६.४ वरून ४ टक्के’. नुसतं तेवढंच धरलं तर लोक मशीन हळू चालवतात आणि डिस्पॅच लांबतो, म्हणून शेजारी वेळेवर गेलेल्या ऑर्डरींचा आकडा. अशी जोडी लावायचा सल्ला ग्रोव्हचाच.

ओकेआरला माणूस मात्र लागतो. सोमवारी वीस मिनिटं कोणी दिली नाहीत, तर चहाच्या टेबलाजवळच्या आमच्या मराठी-कन्नड फळ्यावर पंधरवडाभर जुनेच आकडे राहतात. तुमच्याकडे असा कोणी नसेल तर घाई करू नका.

केआरएचा फॉर्म आम्ही अजून भरतो. इन्क्रिमेंटला काहीतरी कागद लागतोच. फक्त रिजेक्शनची ओळ त्यातून काढून टाकलीय, आणि ताडपत्री पावसाळ्यात स्क्रॅपवर घालतो.