दोन डिस्कचा नॅस, तेरा महिने आणि आमच्या गावची लाईन

मागच्या दिवाळीत नॅस घेतला होता, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, ज्यातल्या फाईली मोबाईल-पीसी सगळीकडून उघडतात, आता परत गहू-हरभऱ्याचं पाणी सुरू झालं म्हणजे तेरा महिने झाले, म्हणून निवांत बसून लिहून राहिलो. माझा फोटो स्टुडिओ आहे, यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसकडच्या एका गावात. लग्नाच्या एका सीझनचे फोटो-व्हिडिओ दीड टीबी सहज होतात, आधी सगळं सुट्या एक्स्टर्नल डिस्कवर पडून राहायचं आणि कोणाचं लग्न कोणत्या डिस्कवर हे शोधण्यातच अर्धा दिवस जायचा. म्हणून दोन बेचा, म्हणजे दोन डिस्क बसतील असा नॅस घेतला, ४ टीबीच्या दोन डिस्क टाकल्या, रेड १ लावलं, म्हणजे जे एकीवर तेच दुसरीवर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे भोगावं लागलं ते आमच्या लाईनवर कोणत्याही कंपनीच्या डब्याला भोगावं लागलं असतं.

पहिले दोन महिने एकदम मस्त. मोबाईलवरून गिऱ्हाईकाला फोटो दाखवा, अल्बमवाला पोरगा त्याच्या पीसीवरून तेच फोल्डर उघडतो, काही त्रास नाही.

जानेवारीत सुरू झालं. रात्री दहाच्या पुढे डबा आपोआप बंद व्हायचा आणि परत चालू व्हायचा. गावाला लागून जी वावरं आहेत त्यांच्या मोटारी आमच्याच डीपीवर, त्या सुरू झाल्या की व्होल्टेज २३० वरून १७० वर, एखाद्या रात्री १६० पण. प्रत्येक वेळी असा झटका बसला की नॅस दोन्ही डिस्क परत जुळवून पाहायचा, ४ टीबीला माझ्याकडे नऊ-साडेनऊ तास लागतात, ते पूर्ण व्हायच्या आतच लाईन परत जायची. आणि एका सकाळी दोन नंबरच्या डिस्कचा लाल लाईट लागलेला, डिग्रेडेड (म्हणजे जोडी तुटली, एकाच डिस्कवर चालू आहे) असा मेसेज, आतून टक-टक असा आवाज. जिल्ह्याच्या ठिकाणी दुकानात फोनवर विचारलं तर म्हणे डिस्क गेली, नवीन टाका. नेमके त्याच आठवड्यात गावातल्या एका घरचे लोक आले, त्यांचे आजोबा वारले होते, नातीच्या लग्नातले त्यांचे फोटो पाहिजे होते. ते एका डिस्कवर शाबूत होते, पण ती पण जाईल का काय या भीतीनं ते फोल्डर पेनड्राईव्हवर कॉपी होईपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.

नवीन डिस्क मागवायच्या आधी एक काम केलं ते बरं झालं, आणि हेच सांगायला एवढं लिहितो आहे. नॅस नीट शटडाऊन करून ती लाल लाईटवाली डिस्क काढली आणि पीसीला साटा केबलनं लावली. इथं एक सांभाळा, विंडोज विचारतं की डिस्क इनिशिअलाईज करू का, तिथं कॅन्सलच दाबायचं, हो म्हटलं की गेलं. स्मार्टची माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, तसं न करता पण दिसते. रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले भाग) शून्य. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) शून्य. सीआरसी एरर पण शून्य, हा आकडा वाढला असता तर केबल किंवा कनेक्टर ढिला समजायचं. पण १९२ नंबरची ओळ, पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट, ती होती ११८, म्हणजे तीन महिन्यांत ११८ वेळा डिस्कची वीज अचानक तुटली आणि हेडला, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागाला, घाईघाईत पार्क व्हावं लागलं. लाँग टेस्ट (पूर्ण डिस्क वाचून तपासणं) लावली, साडेसात तास चालली, एकही एरर नाही. डिस्क चांगली होती!

मग संशय आला अडॅप्टरवर. वर लिहिलेलं १२ व्होल्ट ५ अँपिअर. मल्टिमीटर लावला तर १२.१ दाखवे, म्हणजे दिसायला ठीक. पण ते मोकळं असताना. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा काही सेकंद एकटीच दोन अँपिअरच्या आसपास ओढते, दोन डिस्क एकदम सुरू झाल्या की चार, वरून बोर्डाचा वेगळा. वायर थोडी सोलून चालू लोडवर मोजलं तर सुरुवातीला १०.६ पर्यंत खाली येत होतं. डिस्कला १२ च्या पाच, फार तर दहा टक्के आत पाहिजे, १०.६ हे त्याच्याही खाली. तेवढी वीज मिळाली नाही की डिस्क अर्धवट फिरते, थांबते, परत प्रयत्न करते, तीच ती टक-टक. त्याच मापाच्या पिनचा १२ व्होल्ट ६ अँपिअरचा चांगला अडॅप्टर आणला (मधली पिन प्लस आहे का ते बघूनच), तीच डिस्क परत टाकली, रीबिल्ड झालं (म्हणजे चालू डिस्कवरून सगळं परत हिच्यावर उतरलं), आवाज बंद.

अडॅप्टर काऊन खराब झाला हे आमच्या वायरमन भाऊंनी समजावलं. अडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असते म्हणून आपण बिनधास्त राहतो, पण व्होल्टेज कमी झालं की तेवढंच काम करायला तो जास्त करंट ओढतो आणि गरम होतो, मी तर तो कपाटामागे कोंबून ठेवलेला. गरमीनं आतले कपॅसिटर सुकतात. वरून असं की १७० वर त्याच्या कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा २३० च्या मानानं साधारण निम्मीच राहते, म्हणून लाईनचा जो छोटा झटका दिवसा पचतो तोच रात्री डबा पाडतो.

इन्व्हर्टर होता ना माझ्याकडे, तरी हे झालं. त्याच्या मागच्या बाजूला एक बटन असते, नॉर्मल आणि यूपीएस. माझं पहिल्या दिवसापासून नॉर्मलवर, त्यात तो खूप कमी व्होल्टेज पण तसंच पुढं जाऊ देतो आणि लाईन गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ घेतो, पंख्याला-बल्बला चालते, नॅसला नाही. तेही बदललं, आणि नॅससाठी वेगळा ६०० व्हीएचा लाईन इंटरॅक्टिव्ह यूपीएस (कमी व्होल्टेज स्वतः वाढवून देणारा) घेतला, यूएसबी पोर्टवालाच घेतला. यूएसबीची केबल नॅसला लावली की पाच मिनिटं लाईन नसली तर डबा स्वतःच फाईली बंद करून झोपतो. बिना यूएसबीचा यूपीएस थोडा स्वस्त मिळते पण त्याची बॅटरी संपली की परत तोच झटका, म्हणून मी तरी तो घ्या म्हणणार नाही.

उन्हाळ्यात दुसरं प्रकरण. एप्रिलच्या शेवटी बाहेर ४५, स्लॅबची खोली, डिस्कचं टेम्परेचर ५६. कागदावर ६५ पर्यंत चालते लिहिलं आहे पण मला ते पाहवत नव्हतं. फॅन फुल केला, डबा खालच्या मातीच्या खोलीत नेला, तिथं ४७ च्या वर गेला नाही. कूलरच्या झोतात ठेवू नका, ओल जाते आत, आणि कूलरचा प्लग पण वेगळ्या लाईनवर घ्या, मोटार सुरू होताना दिवे मिणमिणतात ते डब्याला पण जाणवते. अर्थिंग तपासा. आमची काळी माती उन्हात फाटते, खड्डा कोरडा झाला की अर्थिंग नावापुरतं राहते, मी आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी टाकतो. गावात जिनिंग असेल तर फॅनची जाळी महिन्यातून एकदा ब्रशनं साफ करा, रुई चिकटते.

ऑगस्टमध्ये मात्र एक नंबरची डिस्क खरंच गेली. तिचे पेंडिंग सेक्टर आधी ८, मग २४, मग दर दोन दिवसांनी वाढत गेले, व्होल्टेज तेव्हा २३५ होतं, अडॅप्टर नवीन होता, म्हणजे दोष डिस्कचाच. आधी सगळी लग्नं एक्स्टर्नल डिस्कवर उतरवली, मगच डिस्क बदलली, कारण रीबिल्डमध्ये उरलेली डिस्क नऊ तास सलग वाचली जाते आणि तिनं तिथं दगा दिला तर हातात काहीच नाही. वॉरंटीत बदलून मिळाली, तीन आठवडे लागले. ती एक्स्टर्नल डिस्क आता बहिणीच्या घरी ठेवतो, दर महिन्याला आणतो-भरतो-नेतो, चुकून फोल्डर डिलीट झालं तर रेडमधून दोन्हीकडून एकदमच जाते.

डबा घ्या म्हणून सांगीन, पण बजेटमध्ये यूपीएस धरूनच. आता परत मोटारी सुरू झाल्या आहेत, प्लगमध्ये लावलेला छोटा व्होल्टमीटर काल रात्री अकराला १६८ दाखवत होता, यूपीएस टक करून बूस्टवर गेला, आणि नॅसचा अपटाईम, म्हणजे न बंद पडता सलग चालू, ६१ दिवस.