कृषी केंद्रातला २ लिटरचा फवारा पंप, शॅमेलिऑनसाठी ८ महिने वापरून

पिकावर मारायला नाही, घरातल्या शॅमेलिऑनला, म्हणजे रंग बदलणाऱ्या पाळीव सरड्याला, पाणी पाजायला घेतलाय हा पंप. आमचा हिरू मधल्या खोलीत मोकळा राहतो, पिंजरा नाही, जास्वंदाच्या दोन मोठ्या कुंड्या आणि त्यांच्यामध्ये आडव्या बांधलेल्या पेरूच्या फांद्या, तेच त्याचं घर. तो मूळ येमेन-सौदीकडच्या व्हेल्ड जातीचा, कागदपत्रांसकट घेतला आणि केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलाय. आपल्या धुऱ्यावर दिसतो तो देशी शॅमेलिऑन मात्र कोणी उचलून आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

तर पंप. या प्राण्याला वाटीतलं पाणी सहसा कळतच नाही, पानावरून घरंगळणारा थेंब दिसला तर तो पितो. आधी मी न्हाव्याकडे असते तशी बाटली वापरायचो, बोटं दुखून यायची आणि हिरू प्यायला लागला की नेमका माझा हात थांबायचा, मग तोही थांबायचा. त्यात आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा एवढी कोरडी की पानं पाच मिनिटांत सुकतात. त्याच्या विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी पडायला लागला, म्हणजे अंगात पाणी कमी, तेव्हा मी खरंच घाबरलो.

बाबा म्हणाले, "घरी फवाऱ्याचा पंप हाय ना, काऊन पैसे घालवून रायला?" पण त्या पंपाने आम्ही कित्येक वर्षं कपाशीवर औषध मारलंय, कितीही धुतला तरी नळीत, वायसरमध्ये थोडंफार राहतंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर गेले ते आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही, आणि हा तर मुठीएवढा जीव. बाबांना लगेच पटलं, ते स्वतः सोबत आले, दुकानदाराला म्हणाले भाऊ, खोका न उघडलेला दे. ३४० रुपये पडले. घरी येऊन त्यांनीच ऑइलपेंटने वर लिहिलं, "फक्त पाणी", म्हणजे घाईत कोणी त्यात औषध भरायला नको. शेतातले नाकतोडेही मी या औषधाच्या भीतीनेच त्याला खायला आणत नाही, विकतचे क्रिकेट, म्हणजे रातकिडेच देतो.

वापरायला मस्त आहे. दहा-पंधरा दाब मारले की खटका अडकवून ठेवायचा, धुकं आपोआप दोन मिनिटं चालतं, लाइट गेली तरी अडत नाही. पितळी नोझल फिरवून एकदम बारीक करा आणि पानांवर मारा, तोंडावर नाही, डोळे मिटून घेतो बिचारा. मारण्याआधी यूव्हीबी ट्यूबचं (त्याला उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब) बटण बंद करायचंच. उरलेलं पाणी रोज फेकतो, आणि बाटली उन्हात ठेवत नाही कारण दुपारी पाणी पार कढत होतं.

खोलीतल्या पंख्याची पाती काढून ठेवलीत कारण तो पडद्यावरून छतापर्यंत चढतो. मग उन्हाळ्यात काय, तर बाजूच्या खोलीत कूलर, त्याची ओली हवा दारातून येते, थेट झोत लागत नाही. दाराला जाळी आहे, मांजरीचं भ्या जास्त.

आता तक्रार. बोअरच्या पाण्याने महिन्याभरात नोझल क्षाराने चोंदलं, लिंबाच्या रसात रात्रभर ठेवून निघालं, तेव्हापासून फिल्टरचंच पाणी भरतो. आणि सहाव्या महिन्यात दांड्यापासून गळायला लागला. कंपनीच्या नंबरवर तीनदा फोन केला, सुटं वायसर मिळत नाही म्हणे, नवीन पंप घ्या. एवढ्याशा रबरासाठी अख्खा पंप फेकायचा हे मला अजिबात पटलं नाही, म्हणून एक स्टार कापतोय, पाचपैकी चार. शेवटी गावातल्या सायकलवाल्याने जुन्या ट्यूबमधून वायसर कापून बसवून दिलं, दोन महिने झाले, गळत नाही, आणि हिरूचा पांढरा भाग पुन्हा पांढराशुभ्र आहे.