‘धान्य चालू करून देतो’ असे सांगून कुपवाडमध्ये झालेली फसवणूक

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या आमच्या वस्तीत एका माणसाने रेशनचे धान्य चालू करून देण्याच्या नावाखाली अनेक घरांतून पैसे गोळा केले, बनावट पिवळी कार्डे हातात ठेवली आणि तो निघून गेला. त्या घरांमध्ये आमचेही घर होते. सांगली आणि मिरजेच्या इतर भागांतूनही, विशेषतः जत आणि आटपाडीकडून कामासाठी येऊन भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांकडून, याच पद्धतीने पैसे मागितले जात असल्याचे कानावर येते, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

माझे पती एका फाउंड्रीत कामाला होते. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांचे काम सुटले आणि घरखर्च माझ्या शिकवण्यांवर आला. शिकवण्यांतून महिन्याला सुमारे चार हजार रुपये मिळतात, आणि घरात सासूबाई, दोन मुले व आम्ही दोघे अशी पाच माणसे आहोत. सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे केशरी कार्ड आहे, परंतु त्यावर धान्य मिळत नव्हते. हे धान्य ज्या कायद्याखाली मिळते, तो राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. त्या वेळी पतींचा पगार चालू असल्यामुळे आमचे नाव लाभार्थ्यांच्या यादीत आले नव्हते. पुढे परिस्थिती बदलली तेव्हा दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले, की इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरलेली संख्या, शिल्लक नसल्यामुळे नवीन नाव लगेच बसत नाही.

हा माणूस वस्तीतल्याच एका ओळखीच्या घरातून आमच्यापर्यंत आला. त्याच्याकडे लॅपटॉप, अंगठा घेण्याचे लहान यंत्र आणि भरलेल्या अर्जांची जाड फाइल होती. तो अत्यंत आदराने बोलत असे. “ताई, तुमचं कार्ड केशरी आहे म्हणून धान्य बंद आहे. ते पिवळं करून देतो, पुढच्या महिन्यापासून दुकानात अंगठा लागेल,” असे त्याने सांगितले आणि साडेतीन हजार रुपये मागितले. पतींनी पावतीविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, आत द्यावे लागतात. त्याची पावती कशी देणार?”

त्याच्या बोलण्यातला बराच भाग खरा होता, आणि त्याची फसवणूक याच आधारावर चालत होती. उत्पन्नाची मर्यादा, इष्टांक, कार्डाचा बारा अंकी नंबर, दुकानात अंगठा घेऊन धान्याची नोंद करणारे ई-पॉस यंत्र या सगळ्याची त्याला नेमकी माहिती होती. वस्तीतल्या कोणी दुकानदाराकडे किंवा कार्यालयात चौकशी केली, तर त्याने सांगितलेल्या गोष्टींना दुजोराच मिळत असे, आणि मग उरलेल्या खोट्या गोष्टीही लोक खऱ्या मानत. म्हणून त्याने सांगितलेले खरे काय होते आणि खोटे नेमके कुठे मिसळले होते, हे वेगळे करून दाखवणे मला आवश्यक वाटते.

कार्डाच्या रंगापासून सुरुवात करते, कारण पैसे त्यासाठीच घेतले गेले. पिवळे कार्ड म्हणजे धान्य आणि केशरी म्हणजे धान्य नाही, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. प्रत्यक्षात केशरी कार्ड असलेली असंख्य कुटुंबे दरमहा धान्य घेतात, कारण त्यांची नोंद ‘प्राधान्य कुटुंब’ या योजनेत झालेली असते. अशा कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. अतिगरीब कुटुंबांसाठीच्या अंत्योदय योजनेत मात्र घरात माणसे किती आहेत हे न पाहता कुटुंबाला ३५ किलो मिळते. पूर्वी यासाठी तांदळाला किलोमागे ३ रुपये आणि गव्हाला २ रुपये द्यावे लागत. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षांसाठी ते मोफत ठेवण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला आहे. थोडक्यात, आम्हाला रंग बदलण्याची गरजच नव्हती. आमच्या केशरी कार्डाची योजना बदलणे एवढेच काम होते, आणि त्यासाठी शासन साडेतीन हजार तर सोडाच, एक रुपयाही मागत नाही.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरी भागात ५९,००० रुपये आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये आहे. कुपवाड महापालिकेच्या हद्दीत येत असल्यामुळे आम्हाला शहरी मर्यादा लागू होते. हे आकडे त्याने बरोबर सांगितले. माझे स्पष्ट मत आहे, की ही मर्यादा आजच्या जगण्याला धरून नाही. दिवसाला तीनशे रुपये मिळवणारा मजूर महिन्याचे पंचवीस दिवस कामावर गेला, तर त्याचे वर्षाचे उत्पन्न ९०,००० रुपये होते आणि तो मर्यादेबाहेर फेकला जातो. पाच माणसांचे घर चालवणारा असा मजूर सुखवस्तू आहे, असे कोणी म्हणू शकेल का? शासनाने या मर्यादेचा मनापासून फेरविचार करावा, असे मला वाटते, कारण अशा एजंटांचे फावते ते याच ठिकाणी.

ज्या घरांचे उत्पन्न मर्यादेपेक्षा थोडे अधिक होते, त्यांच्याकडून त्याने कमी उत्पन्न लिहिलेल्या स्वयंघोषणापत्रांवर सह्या आणि अंगठे घेतले. काही महिन्यांनी लोकांनी पैसे परत मागितले, तेव्हा तीच कागदपत्रे पुढे करून त्याने त्यांना धमकावले, की तक्रार केलीत तर खोटी माहिती दिल्याबद्दल तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल. धुणीभांडी करणाऱ्या बायका आणि गवंड्याच्या हाताखाली काम करणारी माणसे त्यामुळे गप्प बसली. आमचे उत्पन्न खरोखरच मर्यादेत होते आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आम्ही स्वतः काढलेला होता, म्हणूनच आम्हाला पुढे तक्रार करता आली. जो माणूस तुमच्या उत्पन्नाचा आकडा स्वतःच्या मनाने लिहितो आणि कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही मागतो, तो तुमचे तोंड बंद करण्याची तजवीज आधीच करून ठेवत असतो.

इष्टांकाविषयी त्याने सांगितले, की त्याच्याकडे ‘वरून काढून ठेवलेले काही कोटे’ आहेत. इष्टांक म्हणजे किती लोकांना हे धान्य द्यायचे याची ठरलेली कमाल संख्या. महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी आहे आणि २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे. राज्याच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के लोक त्यात बसतात. शहरात निम्म्याहून कमी लोकांना जागा असल्यामुळे कुपवाडसारख्या कामगारवस्तीत पात्र असूनही बाहेर राहिलेली कुटुंबे भेटतात, हे वास्तव आहे. मात्र या जागा कोणाच्या खिशात नसतात. मृत्यू, लग्न, स्थलांतर किंवा अपात्रता यांमुळे नावे कमी होतात तेव्हा जागा रिकामी होते आणि अर्ज व चौकशीनंतर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून नवीन कुटुंबाला मंजुरी मिळते. बाहेरच्या माणसाला एखादी जागा राखून ठेवता येत नाही, आणि विकता तर मुळीच येत नाही.

काही आठवड्यांनी त्याने प्लास्टिकचे आवरण घातलेले पिवळे कार्ड आणून दिले. त्यावर गोल शिक्का, सही आणि बारा अंकी नंबर होता. दुकानदाराने तो नंबर ई-पॉस यंत्रात टाकला, तेव्हा दुसऱ्याच तालुक्यातील एका कुटुंबाची नावे समोर आली. नंबर खरा होता, पण तो आमचा नव्हता. सासूबाई पिशव्या घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि त्यांना रिकाम्या हाताने परत यावे लागले, याचे दुःख मला पैशांपेक्षा अधिक आहे. ही तपासणी कोणालाही घरबसल्या करता येते. महाईपॉस या शासकीय संकेतस्थळावर बारा अंकी नंबर टाकला, की त्या कार्डावर कोणाची नावे आहेत, कार्ड कोणत्या योजनेत आहे आणि कोणत्या महिन्यात किती धान्य उचलले गेले, हे दिसते. एखाद्याने नवे कार्ड किंवा नवा नंबर दिला, तर उरलेले पैसे देण्याआधी हे पाहून घ्यावे.

अंगठ्याचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. ‘अर्ज लॉक करण्यासाठी’ म्हणून त्याने घरातल्या सगळ्यांचे अंगठे आपल्या यंत्रावर घेतले होते. आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा यांच्या आधारे बँक खात्यातून रक्कम काढता येते, आणि वस्तीतल्या एका मावशींच्या खात्यातून अशी रक्कम गेल्याचे पासबुक भरल्यावर उघड झाले. एमआधार ॲपवरून आपली बायोमेट्रिक माहिती लॉक करता येते. आधारची हेल्पलाइन १९४७ आहे. खात्यातून पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे, कारण जितके लवकर कळवले जाईल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

शेजारच्या एका गरोदर मुलीकडून त्याने ‘पोषण किटची नोंदणी’ म्हणून पाचशे रुपये घेतले आणि रेशन कार्ड पिवळे झाल्याशिवाय आहार मिळणार नाही, असेही तिला सांगितले. हे धादांत खोटे आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना व सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांना अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्क त्याच अन्न सुरक्षा कायद्याने दिला आहे आणि त्याचा कार्डाच्या रंगाशी संबंध नाही. नोंदणी अंगणवाडी सेविका स्वतः आणि विनामूल्य करतात. त्या मुलीचे नाव पुढे सेविकाताईंनीच नोंदवून घेतले. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना मिळणाऱ्या दुपारच्या जेवणासाठीही कोणतेही कार्ड दाखवावे लागत नाही.

आम्ही पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. बनावट कार्डाची रंगीत प्रत, त्याच्याशी झालेले व्हॉट्सॲपवरील बोलणे आणि अर्धी रक्कम फोनवरून पाठवल्याची नोंद सोबत जोडली. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. रोख दिलेल्या रकमेचा कोणताही पुरावा हाती नसल्यामुळे बहुतेक कुटुंबांची बाजू कमकुवत राहिली. त्यांनी निदान एकमेकांची साक्ष द्यावी म्हणून मी घरोघरी गेले आणि काही जण तयार झाले. पुरवठा शाखेलाही आम्ही बनावट शिक्क्याची माहिती लेखी कळवली आणि आमच्या प्रतीवर पोहोच घेतली. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

धान्यासाठीचा अर्ज त्यानंतर आम्ही स्वतः केला. अन्न, नागरी पुरवठा विभागाच्या आरसीएमएस या संकेतस्थळावर नागरिकांना स्वतःचे खाते उघडून अर्ज करता येतो, आणि २०२३ पासून ई-शिधापत्रिका विनामूल्य दिली जाते. ज्यांना ऑनलाइन जमत नाही, त्यांनी तहसील कार्यालयात जाऊन नवीन कार्डासाठी नमुना १ किंवा नाव वाढवण्यासाठी नमुना ८ भरावा आणि पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आम्ही उत्पन्नाचा दाखला, सर्वांची आधार कार्डे, जुने केशरी कार्ड आणि पत्त्याचा पुरावा जोडला. त्या अर्जावर चौकशी झाली असून आमचे नाव प्रतीक्षेत आहे. चौकशीसाठी १९६७ किंवा १८००-२२-४९५० या विनाशुल्क हेल्पलाइनवर बोलता येते. तिथेही दाद मिळाली नाही, तर अन्न सुरक्षा कायद्यानुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर राज्य अन्न आयोगाकडे जाता येते.

हल्ली अशाच माणसांनी दुसरी गोष्ट सुरू केली आहे. ‘ई-केवायसी केली नाही तर नाव कापले जाईल’ असे सांगून घरोघरी माणशी शंभर-दोनशे रुपये घेतले जात आहेत. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, करणे आवश्यक आहे, हे खरे आहे. ती कोणत्याही रास्त भाव दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवून विनामूल्य होते. ज्या वृद्धांचे ठसे उमटत नाहीत त्यांच्यासाठी ‘मेरा ई-केवायसी’ या ॲपवर चेहरा दाखवून घरीही करता येते. सासूबाईंची ई-केवायसी आम्ही त्याच ॲपवर केली आणि वस्तीतल्या ज्या आजी-आजोबांकडे तसा फोन नाही, त्यांची माझ्या फोनवरून करून देत आहे.