स्मार्ट बोर्ड, टॅब की कॉम्प्युटर लॅब? शाळेला पैसे द्यायच्या आधी एकदा वाचा

गेट-टुगेदर झालं, तांबडा-पांढरा झाला आणि आता बॅचच्या ग्रुपवर 'शाळेला काहीतरी देऊया' सुरू झालंय. कोल्हापुरात दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या बॅचचं हे चालू असतंच आणि बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं, स्मार्ट बोर्ड द्या, कारण त्याच्यासमोर फोटो भारी येतो. पण दोनेक लाख जमणार असतील तर भावांनो जरा थांबा. माझं मत आधीच सांगतो: पाचवीपासून पुढचे वर्ग असतील तर जुन्या कॉम्प्युटरची छोटी लॅब, नुसती पहिली ते चौथी असेल तर बोर्ड चालेल, आणि टॅबच्या नादाला शक्यतो लागू नका.

आता बोर्ड म्हणून जे मिळतं ते म्हणजे टच असलेला मोठा अँड्रॉइड टीव्हीच, ६५ इंची घ्यायला गेलं की लाखाच्या वर जातं. फायदा हा की मास्तरांना फार काही नवीन शिकावं लागत नाही, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड, दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपवरचा व्हिडिओ, हृदयाचे कप्पे, ग्रहण, सगळं पन्नास पोरांना एकदम दिसतं. बारक्या पोरांना कविता लावायला तर एक नंबर. पण बोट एकाचंच लागणार आणि बाकीची बघत बसणार. अजून एक, बऱ्याच पॅनेलचा टच कडेच्या फ्रेममधल्या इन्फ्रारेड किरणांवर चालतो, त्या फ्रेमवर खडूची धूळ बसली की कुणी हात न लावता क्लिक व्हायला लागतं आणि मग 'बोर्ड बिघडला' म्हणून वर कापड टाकून ठेवतात, खरं तर फ्रेम नुसती पुसायची असते. आणि व्हिडिओच दाखवायचे असतील तर ४३ इंची साधा टीव्ही, एक एचडीएमआय केबल आणि सरांचा लॅपटॉप, एवढ्यावर पण काम भागतं, पैसे खूप कमी लागतात.

टॅबचं गणित सरळ आहे. दहा हजाराचा एक धरला तर दोन लाखात वीस, वर्गात पोरं पन्नास. रोज चार्जिंगला कोण लावणार? मे महिन्याच्या सुट्टीत बॅटरी झिरोवर पडून राहिली की जूनमध्ये काही चालूच होत नाहीत. नुसतं यंत्र हातात देऊन भागत नाही हे पेरू देशानं करून बघितलंय, तिथं पोरांना लॅपटॉप वाटले आणि २०१२ च्या अभ्यासात गणित-भाषेत काही फरक दिसला नाही. उलट दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांवर माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, ते पोराची पातळी ओळखून त्याच पातळीची गणितं देतं, तिथं साडेचार महिन्यांत गणितात चांगली सुधारणा दिसली (हा अभ्यास २०१९ चा). म्हणजे टॅब घ्यायचाच असेल तर आधी सॉफ्टवेअर ठरवा, मग मॉडेल.

आता लॅब. रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून परत विकायला काढलेले जुने डेस्कटॉप मॉनिटरसकट दहा-पंधरा हजारात मिळतात, आठ-दहा घ्या, एक इन्व्हर्टर घ्या. विंडोजसाठी अडू नका, केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टिमवर शिकवतायत. स्क्रॅच (ठोकळे जोडून पोरांनी प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) इंटरनेटशिवाय चालतं, मराठी टायपिंग शिकवता येतं. आणि त्याच्या जोडीला पाच-सात हजाराचं आर्डुइनोचं (सेन्सर, मोटर जोडून प्रोग्रॅमनं चालवायचं छोटं सर्किट बोर्ड) सामान घ्या, खरी मजा तिथं आहे. मातीची ओल मोजणारा साधा सेन्सर कुंडीत खोचायचा, स्क्रीनवर ० ते १०२३ मधला आकडा येतो. पोरांना वाटतं ओल जास्त म्हणजे आकडा जास्त, म्हणून आकडा कमी झाला की पाण्याचा छोटा पंप चालू अशी अट प्रोग्रॅममध्ये लिहितात आणि भिजलेल्या कुंडीतच पंप चालू होतो! कारण त्या सेन्सरला माती वाळली की आकडा वाढतो. मग आकडे वहीत लिहून काढायचे, अट उलटी करायची, परत बघायचं. ज्यांच्या घरी उसाला ड्रिप आहे ती पोरं यात सगळ्यात पुढं असतात. उद्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कारखान्यात सीएनसीवर (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर) उभं राहिलं तरी आकडा बघा, चूक शोधा, परत लावा हेच करायचंय, आणि एआय कितीही आलं तरी उत्तर बरोबर आहे का हे तपासणारा माणूस लागतोच की.

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबला (पोरांनी हातानं वस्तू बनवून शिकायची शाळेतली लॅब) २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती, सहावी ते बारावीसाठी. जवळच्या एखाद्या शाळेत ती असेल तर आपली पोरं तिथं नेता येतील का हे आधी विचारा.

लॅबची अडचण एकच, शिकवणार कोण. कॉम्प्युटर खराब होतील या भीतीनं खोलीला कुलूप पडतं, चावी कपाटात, कपाटाची चावी क्लार्ककडं. म्हणून पैसे द्यायच्या आधी हेडमास्तरांकडून वेळापत्रक लिहून घ्या, कुठल्या वर्गाला आठवड्यात कुठला तास. बॅचमधला कोण उद्यमनगरात कारखान्यात असेल तर शनिवारी सकाळच्या शाळेला त्याला पाठवा. तीसेक हजार दुरुस्तीला बाजूला ठेवा. नदीकाठचं गाव असेल तर लॅब वरच्या मजल्यावरच, २०१९ आणि २०२१ दोन्ही पूर बघितलेत आपण. आणि बिल शाळेच्याच नावानं करा, डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद झाल्याशिवाय हलू नका, नाहीतर हेडमास्तर बदलले की नवीन साहेब त्या वस्तूला हात लावत नाहीत.