कूल वॉटर वुमन की लाइट ब्लू?

फुलांचा, पण जड नाही. घामाच्या दिवसातही ताजा वाटेल असा सुगंध हवा असेल, तर दोन जुनी नावं हमखास समोर येतात. डेव्हिडॉफचं ‘कूल वॉटर वुमन’ (१९९६) आणि डोल्चे अँड गब्बानाचं ‘लाइट ब्लू’ (२००१).

कूल वॉटरमध्ये फुलं पाण्यातली आहेत: कमळ, वॉटर लिली, जोडीला खरबुजाचा गोडवा. या समुद्री वाऱ्यासारख्या वासाचं मूळ कॅलोन नावाच्या रसायनात आहे. ते १९६६ मध्ये फायझरच्या रसायनतज्ज्ञांना सापडलं, पण अत्तरांत त्याची लाट आली ती नव्वदच्या दशकात. कापलेल्या कलिंगडाचा वास आठवा, त्यात थोडं खारं पाणी मिसळा. काहींना तो पोहून आल्यासारखा वाटतो, काहींना डोकं धरायला लावतो. मी पहिल्या गटातली.

लाइट ब्लू अत्तरकार ऑलिव्हिए क्रेस्प यांनी घडवलं. सिसिलीचं लिंबू, हिरवं सफरचंद, मग हलकी जाई आणि शेवटी देवदाराचं कोरडं लाकूड. लिंबाचे रेणू हलके, म्हणून लवकर उडतात. पहिल्या अर्ध्या तासातली तडफ नंतर मवाळ होते. मोगऱ्याच्या गजऱ्याची सवय असलेल्या नाकाला यातली फुलं लाजरीच वाटतील.

जिमच्या बॅगेत मी कूल वॉटर ठेवीन. ऑफिसला मात्र लाइट ब्लू, कारण लाकडामुळे ते जरा नीटनेटकं वाटतं. दोन्ही आधी मनगटावर लावून तासभर फिरा. दुकानात वास घ्यायला देतात त्या कागदी पट्टीवर त्वचेची ऊब कळत नाही.